ओंजळ नाही, पेला

"चांद, इंजन काहून सुरू करून नाही राह्यला?" गोपीचंद शेठ पुन्हा ओरडले.

नव्या हंगामाच्या मुहूर्ताचा नारळ फुटला होता. जऊळका स्टेशनाजवळच्या त्यांच्या सरकी काढायच्या जिनाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. आत पाहुणे पेढे खात बसले होते, आणि चांद मिस्त्री हाताची घडी घालून इंजनापाशी उभा होता.

"इंजन ठीक हाय, शेठ. पन तुमी आपला शब्द पाळल्याबिगर मी चाक फिरवत नाही."

कोणता शब्द, ते मला बरोबर कळलं.

मागच्या मुहूर्ताला, शिवाशिवीबंदीचा कायदा नवा नवा झाला होता तेव्हा, याच पाहुण्यांसमोर शेठ छाती काढून म्हणाले होते, "माझ्या जिनात आजपासून एकच रांजण, एकच पेला!" काय त्या टाळ्या, काय ते हार! आम्ही महारवाड्यातल्या कापूस निवडणाऱ्या बायांनी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली होती. वेड्याच की आम्ही! दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले, तर पाणी देणारी रामीबाई म्हणाली, "रुखमे, ओंजळ कर." पेला होता, पण बाकीच्यांना. आम्हाला वरून धार. अख्खा हंगाम घशात कापसाची धूळ आणि कोपरावरून लुगड्यात गळणारं पाणी. चांद रोज पाहायचा आणि गप्प राहायचा. मला वाटायचं, मेल्याला काय पडलंय आमचं!

"पाहुण्यायसमोर माझं नाक कापतो? काढून टाकीन!" शेठ लालेलाल झाले.

"काढा. दुसरा मिस्त्री अकोल्याहून येईस्तोर गाड्या उभ्या राहतीन."

घरी त्याची सात खाणारी तोंडं होती. तरी बोलला.

शेठ पाहुण्यांकडे वळून हसले. "मी तं सांगतलं होतं. हे रामीच ऐकत नाही, त्याले मी काय करू?"

रामीबाई रांजणापासून उठली. "मले कवा सांगतलं, शेठ? तुमी पाहुण्यायले सांगतलं. मले कोनी काईच नाही बोललं."

पेढे खाणारे हात थांबले. मी कशी बोलले, देव जाणे. "शब्द तुमचा होता, शेठ. रामीचा नोयता."

शेठ खाली बघत पुटपुटले, "रामे, पेला दे सगळ्यायले."

"जोरानं, शेठ," चांद म्हणाला. "मांगच्या बारीले जोरानं बोलले होते."

शेठनी घाम पुसला. मग बाहेरच्या गाडीवाल्यांना ऐकू जाईल असं बोलले. रामीबाईनं पेला माझ्या हातात दिला. रांजणात मी स्वतः बुडवला, आणि भरलेला पेला घेऊन आधी इंजनापाशी गेले.

"हाताले तेल हाय, रुखमाबाई. वरून ओता." त्यानं ओंजळ पुढे केली.

"नाही, चांदभाऊ. ओंजळ नाही. पेला धरा."

त्यानं हात सदऱ्याला खसाखसा पुसले आणि पेला धरून प्याला. सख्ख्या भावानं केलं नसतं ते या माणसानं माझ्यासाठी केलं होतं. मला तर डोळ्यांना पदर लावावा लागला.

"आता तुमी," तो म्हणाला आणि चाकाकडे वळला.

इंजन धडधडू लागलं. मी पेला पुन्हा भरला आणि सावकाश, उभ्यानं प्याले. मग कोपरं चाचपून पाहिली. कोरडी होती.