हॉटेलचा साबण

दोन हजार तेवीस सालच्या मार्चमधल्या एका रविवारी खुशालने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि पाहुण्यांना मुलाचा पगार समजावून सांगायला घेतला. तिरोड्याचे केशोराव फुलचूरला घर पाहायला आले होते. मुलगी आधीच पसंत झाली होती. पूर्वी घर पाहायला बाप्ये माणसंच येत. या वेळी मुलगी, अल्का, स्वतः आली होती आणि खुशालच्या मुलाच्या, संघदीपच्या, डाव्या हाताच्या खुर्चीवर बसली होती.

खुशाल रेल्वेत ड्रायव्हर होता. गोंदियाला छोटी लाईन होती तेव्हा त्याने वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकला, मग डिझेल आणि विजेची इंजिनं चालवली. नोकरीच्या शेवटी त्याच्या हुद्द्याचं नाव लोको पायलट झालं. त्यानंतर पोरगा विमानाचा पायलट झाला. निवृत्तीचा सगळा फंड त्या शिक्षणात गेला होता, पण त्याबद्दल खुशालने कधी हूं की चूं केलं नाही.

त्याने केशोरावांना एकेक गोष्ट उलगडून सांगितली. एक ठरलेला पगार. दुसरे उडण्याच्या तासांचे पैसे. महिन्याला इतके तास कंपनी धरूनच चालते, त्यावर उडालं तर आणखी. तिसरे बाहेरगावी मुक्काम पडला तर रात्रीचे आणि जेवणाखाण्याचे. हॉटेलचं भाडं कंपनीच भरते. रेल्वेच्या ड्रायव्हरला गाडी जितके किलोमीटर चालवली त्याचं माइलेज मिळतं तसंच हे, फक्त चाकांच्या जागी पंख.

केशोराव राईस मिलमध्ये दिवाणजी होते. त्यांनी शांतपणे विचारलं,

"अन् विमान उडालंच नाही त?"

"तरी भेटते जी. माझे डोळे मेडिकलमधी फेल झाले तवा मले इंजिनावरून उतरवलं, ऑफिसात बसवलं. पण माइलेज पगारात धरलंच. पेन्शनमधीबी धरलं. हे सगळं मिळून पगारच समजा."

केशोरावांनी मान हलवली. अल्काने संघदीपकडे वळून हळू आवाजात काहीतरी विचारलं. तो समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या कानाची पाळी लाल झालेली खुशालच्या बायकोने, रुक्माबाईने, दारातून पाहिली.

जेवणं झाली. खुशाल केशोरावांना हात धुवायला मागच्या मोरीवर घेऊन गेला. मुक्कामाच्या हॉटेलांतून संघदीप कागदात गुंडाळलेले इवलेसे साबण आणायचा. कोचीचा, गुवाहाटीचा, श्रीनगरचा. शेजारच्या बायका वास घेऊन गाव ओळखायच्या. पाहुण्यांपुढे त्यातलाच एक ठेवायचा, असा खुशालचा शिरस्ता होता. आज तिथे दुकानातली हिरवी वडी होती.

"हॉटेलचे साबण कुठी गेले?" त्याने आत वळून विचारलं.

"सरले," रुक्माबाई म्हणाली.

"कवा?"

"दिवाळीच्या आंधी."

केशोराव हात पुसून बैठकीत गेले. खुशाल नळ चालू ठेवून तसाच उभा राहिला. दिवाळीपासून पोरगा तीनदा घरी आला होता, दर वेळी आठ-आठ, दहा-दहा दिवस, आणि एकदाही साबण आणला नव्हता. सुट्टी शिल्लक आहे म्हणाला होता. खुशालला त्याचा आनंदच झाला होता. बायकोच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं, की हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तिने विचारलं मात्र नव्हतं. ड्रायव्हरच्या घरात बाई ड्युटीबद्दल प्रश्न करत नाही. कुठे चालला, कधी येशील, हे विचारायचंच नाही, अशा रीतीत तिचा जन्म गेला होता.

रुक्माबाईने पुढे होऊन नळ बंद केला.

बैठकीत केशोराव साखरपुड्याच्या तारखेचं बोलत होते. खुशाल खुर्चीवर बसला नाही.

"केशोरावजी, मी तुमाले रेल्वेचा नियम सांगितला," तो म्हणाला. "विमानाचा मले माहीत नाही. पोरगा लय दिवसांपासून उडून नाही राहिला. काऊन, ते त्यालेच विचारा."

संघदीपने खुर्ची पूर्ण अल्काकडे वळवली आणि उजवा कान पुढे केला.

मग त्याने सांगितलं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ऑक्टोबरच्या मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट केलं आहे. विमान उडवलं नाही की तासांचे पैसे नाहीत, मुक्कामाचेही नाहीत. ठरलेला पगार काही महिने मिळाला, आता तोही बंद आहे. इलाज चालू आहे. तो लिहून आणलेलं वाचल्यासारखं बोलत होता.

"मघाशी मी काय विचारलं, ते ऐकू नाही आलं तुम्हाले?" अल्का म्हणाली.

"नाही."

"मले वाटलं, गर्व आहे."

केशोरावांनी तारखेचं पुन्हा काढलं नाही. घरी विचारून कळवतो म्हणाले, जय भीम केला आणि ऑटोत बसले.

पाहुणे गेल्यावर खुशाल ओट्यावर बसला. संघदीप त्याच्या शेजारी येऊन बसला.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"बाबा, तुम्ही सगळ्याइले एवढे खुशीनं सांगून राहिले होते."

खुशाल उठला आणि मुलाच्या उजव्या बाजूला जाऊन बसला.

तिरोड्याहून निरोप आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात अल्काचं लग्न बालाघाटच्या एका मास्तरांशी झालं. तिने पत्रिका पाठवली होती आणि रुक्माबाई एकटी जाऊन आली. केशोराव त्यानंतर वर्षभराने वारले. संघदीपच्या कानाचं ऑपरेशन झालं, तो मेडिकल पास झाला आणि परत उडायला लागला. लग्न अजून केलेलं नाही. खुशाल रोज सकाळी नागऱ्याच्या रस्त्याने फिरायला जातो. मुलाचा पगार कोणी विचारला तर विषय बदलतो.

हॉटेलचे साबण पुन्हा येतात. रुक्माबाई ते पाहुण्यांपुढे ठेवत नाही. एक उघडून मोरीवर ठेवते. तो झिजून नखाएवढा राहिला आणि डब्यात दुसरा नसला, की ती मुलाला फोन लावते आणि जेवला का, एवढं विचारते.