शिफ्ट व्हायचं म्हणजे

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटाशी असलेल्या त्या वाडीत ‘शिफ्ट’ हा शब्द दोन वाटांनी आला. महाडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांनी आणला तो फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्टमधला. दुसरा आणला तलाठी भाऊसाहेबांनी, महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली त्यानंतर. वाडीमागच्या डोंगराला भेग दिसल्यापासून दर पावसाळ्यात ते येऊन सांगत, “चला, शिफ्ट व्हा.” मग माणसं बोचकी बांधून खालच्या शाळेत जात आणि पाऊस ओसरला की परत वर येत.

यंदा मात्र कायमचं शिफ्ट व्हायचं होतं. खाली रस्त्यालगत सरकारने जागा सपाट करून दिली होती. कुणाला कुठला प्लॉट ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. वाडीने नकार दिला. सगळ्यांत ठाम होता भागोजी.

“शिफ्ट कंपनीत असते,” तो म्हणाला. “माणूस काय मशीन हाय, हितनं उचलून तिथं ठेवायला?”

त्याची मुलगी सेजल हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. तिला बापाचा राग येई. तळीयेची बातमी आली तेव्हा ती कॉलेजात होती, आणि तेव्हापासून पाऊस जोरात लागला की तिची नजर पहिली डोंगराकडे जाई. पण बापाशी वाद घालायला गेलं की तो उठून गोठ्यात निघून जायचा.

एके दिवशी आठवीच्या वर्गात तिने ‘शिफ्ट’ हे क्रियापद फळ्यावर लिहिलं आणि वाक्यं करायला सांगितली. कुणी कपाट सरकवलं, कुणी गाडीचा गिअर बदलला. अक्षदा नावाची मुलगी उभी राहिली. “मॅडम, माझा काका सेकंड शिफ्टला जातो आणि तुमची वाडी शिफ्ट होणारे. दोन्हीला एकच शब्द कसा?”

सेजलला उत्तर माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं आणि मधल्या सुट्टीत लायब्ररीतला मोठा शब्दकोश काढला. वाचता वाचता तिचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी भागोजी ओटीवर कोयत्याला धार लावत बसला होता. सेजल त्याच्यासमोर बसली.

“बाबा, शिफ्ट म्हणजे मुळात हलवणं नव्हतं. हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीत त्याचा अर्थ होता वाटणी करणं, नीट लावून ठेवणं. आपण शेताची वाटणी करतो ना, तसं. हलवणं मागनं आलं. आणि माणसांनी पाळ्या वाटून घेतल्या, ती कंपनीतली शिफ्ट.”

“मंग भाऊसाहेब काय हलवा हलवा करतोय?”

“आता तोच अर्थ चालतो. पण बाबा, तुमचं घोडं नक्की कुठं अडलंय?”

भागोजी कोयता घासत राहिला. चुलीपाशी बसलेली त्याची बायको चंद्राबाई बोलली. “शेजारच्या सोनाबाईसाठी अडलंय गो. तिला डोळ्यांनी दिसत नाय. आपल्या भिंतीला हात लावत ती विहिरीवर जाते, जेवायला येते. चिठ्ठीत ती एका टोकाला गेली नि आपण दुसऱ्या, तर तिला बघणार कोण? तिचा लेक तर मुंबयला.”

“हे भाऊसाहेबांना का नाही सांगितलं?”

“विचारलं कुणी?” भागोजी म्हणाला. त्याने कोयता बाजूला ठेवला. “वाटणीच करायची तर आपली आपण करू. चिठ्ठी कशाला?”

रविवारी सगळी वाडी खालच्या जागेवर उतरली. दोर ताणले, चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या. वर जे घर ज्याच्या शेजारी, तेच खाली. दुपारपर्यंत छान जमलं आणि शेवटच्या प्लॉटवर येऊन फिसकटलं. तो वहाळाला, पावसाळी ओढ्याला लागून होता आणि क्रमाने सोमाच्या वाट्याला येत होता.

“पाणी माझ्याच घरात का म्हणून?” सोमाने दोर टाकून दिला. “त्यापेक्षा चिठ्ठीच बरी.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. सेजलला वाटलं, संपलं आता सगळं. तेवढ्यात चंद्राबाई पदर खोचून पुढे झाली.

“तो आमी घेतो. सोमा, तू आमच्या जागी जा, तुझा शेजारी सोनाबाईच्या जागी. सोनाबाई मातुर आमच्या शेजारी येईल.”

“आये, तिथं पाणी चढेल!” सेजल म्हणाली.

“चढू दे. बांध घालू.”

भागोजीने बायकोकडे पाहिलं, मग खाली पडलेला दोर उचलून सोमाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी वाडी तहसील कचेरीत गेली. तहसीलदार साहेब म्हणाले, “चिठ्ठीचं ठरलेलं आहे. उद्या कुणी तक्रार केली तर?”

“चिठ्ठी टाकलीत तर एक माणूस खाली येणार नाय,” भागोजी म्हणाला. “आमची वाटणी मान्य करा, उद्यापास्नं कौलं उतरवतो.”

साहेबांनी एकेकाला विचारलं. शेवटी सोमाची पाळी आली. “माझी तक्रार नाय,” सोमा म्हणाला. साहेब स्वतः जागेवर आले, रेघा फिरून पाहिल्या आणि होकार दिला.

चैत्रात घरं उतरवली. वासे, कौलं, जातं, सगळं खांद्यावरून खाली आलं. भागोजीने आधी सोनाबाईचं घर उभं केलं, मग स्वतःचं, आणि वहाळाच्या बाजूने दगडांचा बांध घातला. वरची शेतं तशीच राहिली, त्यामुळे आता रोज सकाळी चढ चढून जावं लागे आणि त्याचे गुडघे कुरकुरत.

आषाढात वहाळ फुगला. भर दुपारी पाणी बांधाच्या कडेला आलं. भागोजी आणि सेजल दगड रचत होते, तोच वरच्या अंगाने सोमा घमेलं घेऊन धावत आला. त्याच्यामागून बाकीचे आले. पाण्याने दोनदा दगड लोटले, दोनदा त्यांनी ते परत बसवले. चिखलाने माखलेली चंद्राबाई बांधावर उभी राहून ओरडत होती, “तिकडं फट हाय, तिकडं टाका!”

संध्याकाळी पाणी उतरलं. बांध जागेवर होता.