आपल्या माणसाचं गाईड

साखर कारखान्याची निवडणूक होऊन वर्ष उलटलं, तरी जळोचीच्या आमच्या घरात ती चालूच आहे. न्हावी, डॉक्टर, पिठाची गिरणी, सगळं पॅनेल बघून ठरतं. त्यामुळे सुनेला परीक्षा द्यायची म्हटल्यावर पुस्तक कोणत्या पॅनेलचं, हा प्रश्न आधी आला. रसायनशास्त्र मागून.

सून उत्कर्षा बारामतीच्या एका विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. संस्थेनं बजावलं होतं, शिक्षक पात्रता परीक्षा या खेपेला पास व्हा, नाहीतर जूनपासून येऊ नका. एरवी वर्गातल्या गमती सांगता सांगता जेवणारी पोरगी घास हातात धरून भिंतीकडं बघत बसायला लागली.

आमचे हे, हिंदुराव, दुसऱ्याच दिवशी गाईड घेऊन आले. जाडजूड, चकचकीत, मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेले ऋषिराज सर. सरांचा बारामतीत क्लास आहे आणि सरांचे चुलते आमच्या पॅनेलचे म्होरके आहेत.

"ह्याच्याबाहेरचा एक प्रश्न यायचा न्हाय," हे म्हणाले.

"तुम्ही वाचलं?" मी विचारलं.

"वाचायला कशाला लागतंय. आपला माणूस हाय."

उत्कर्षानं मात्र वाचलं. "आबा, यात लिहिलंय, आम्लात तांबडा लिटमस निळा होतो."

"मग?"

"उलटं असतं. निळा तांबडा होतो. आठवीतली पोरं सांगतील."

"छापताना हुतं इकडं तिकडं. आपल्या माणसाचं सांभाळून घ्यायचं आसतं."

"पेपर तपासणारा आपला माणूस नसतो, आबा."

तपासणारा कुणाचा माणूस आहे, याची चौकशी कुठं करता येईल, हे ह्यांच्या कपाळावर दिसत होतं.

इंदापूरची आसावरी ही उत्कर्षाची बीएडची मैत्रीण. हीच परीक्षा ती आधी पास झालेली. स्वतः काढलेल्या नोट्सची झेरॉक्स द्यायला ती तयार होती. पण तिचे सासरे सर्जेराव मतदानाच्या आदल्या दिवशी आमचं पॅनेल सोडून समोरच्या मांडवात जाऊन बसले होते.

"सर्जेरावच्या घरातला कागद माज्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाय."

"अहो, केमिस्ट्री आहे ती," मी म्हटलं.

"आसंना. त्याच्या घरात ऱ्हाऊन ती तरी किती सरळ ऱ्हायली आसंल."

विराज, म्हणजे आमचा लेक, उत्कर्षाचा नवरा. तो म्हणाला, "दोघांचंबी बरोबर हाय," आणि मोटार चालू करायला रानात निघून गेला.

मग मी इंदापूरला भाचीचं बाळ बघायला गेले. भाची खरी आहे, बाळही खरं आहे. येताना बाळंतविड्याच्या रिकाम्या पिशवीतून नोट्स आणल्या. कणकेची खळ शिजवली, गाईडचं मुखपृष्ठ वाफेवर अलगद सोडवलं आणि नोट्सवर चिकटवलं. ऋषिराज सर हाताची घडी घालून आसावरीच्या अक्षरावर विराजमान झाले.

चार दिवसांनी ह्यांची नजर गेली. "पुस्तक बारीक झालंय गं."

उत्कर्षा वर न बघता म्हणाली, "अभ्यास होईल तसं बारीकच होणार की, आबा."

"व्हय, दबलं आसंल," हे म्हणाले, आणि तिला बदाम भिजत घालायला मला सांगितलं. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर लिंबाखाली पेपर सुटेपर्यंत बसून राहिले, चहालासुद्धा उठले नाहीत. माणूस वाईट नाही. मत द्यायची सवय तेवढी सुटत नाही.

उत्कर्षा पास झाली. नोकरी राहिली. दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, 'ऋषिराज सरांच्या मार्गदर्शनाचा विजय'. वर म्होरक्यांचा फोटो बैलगाडीच्या चाकाएवढा, खाली शुभेच्छुकांत आमचे हे, आणि उरलेल्या जागेत उत्कर्षा. मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी तिचं नाव ह्यांना फोन करून विचारून घेतलं होतं. आसावरीनं इंदापूरहून एवढंच कळवलं, "फोटो छान आलाय." उत्कर्षा दुसऱ्या रस्त्यानं शाळेत जायला लागली.

परवा तिच्या शाळेतली नवी शिक्षिका सोनम घरी आली. पुढच्या खेपेला तिची परीक्षा, तीच अट.

"गाव कुठलं?" ह्यांनी विचारलं.

"सोमेश्वरनगर. इथं भाड्यानं राहते."

"तिकडं कुठल्या पॅनेलला आसता तुमी?"

"मला मतच नाही, आबा."

ह्यांना तिची खरोखर कीव आली. फ्लेक्सनंतर सरांनी भेट पाठवलेलं दुसरं कोरं गाईड कपाटातून काढून त्यांनी तिच्यापुढं धरलं. "घे पोरी. हिनं ह्याच्यावरच केलं."

सोनमनं दोन्ही हातांनी घेतलं आणि उत्कर्षाकडं बघितलं. उत्कर्षानं माझ्याकडं बघितलं. खरं बोलावं तर घर पेटणार, गप्प बसावं तर त्या पोरीची नोकरी जाणार.

उत्कर्षानं हळूच गाईड तिच्या हातातून काढून घेतलं.

"आज राहू दे. नवं पुस्तक लवकर फाटतं," ती म्हणाली. "आठवड्याभरात शाळेत देते. आत्या कव्हर घालून देतील."

"चांगलं घाल गं," हे मला म्हणाले. "सरांचा फोटो झाकू नको."

"नाही झाकत," म्हणत मी कणकेचा डबा खाली काढला. इंदापूरचं बाळ आता पालथं पडायला लागलं असेल, बघून यायला हवं.