परातीतलं चिंचेचं रान

माझी उंची चार फूट सात इंच. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मध्यस्थानं पाहुण्यांना पाच फूट सांगितली होती. ते खोटं झाकायला मायनं उमरग्यातनं उंच टाचेचे सँडल आणले. "घटकाभराचा तर प्रश्न हाय, क्षमा," माय म्हणाली. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला तवा ती रडली होती, म्हणून म्या गप घातले.

माझा जीव मात्र अंगणातल्या परातीत होता. दवाखान्यात नर्सची ड्यूटी करून येताना म्या चिंचोके गोळा केले, भिजवले, रंगाच्या रिकाम्या डब्यांत रुजवले. मुळं छाटत, शेंडे खुडत वर्षभर सांभाळले. गेल्या आठवड्यात मायच्या जुन्या परातीला भोकं पाडली आन् सगळी रोपं त्यात लावली. बोन्सायचं रान! थोराड रोपं पुढं, बारकी मागं. मग रान लांबवर गेल्यागत दिसतं. बारकी काढली की उरतात नुसत्या काड्या.

पाहुण्यांसाठी तेर गावाहून पुतळाबाई आत्या आल्या होत्या. वडलांची थोरली बहीण, सगळा जन्म शेतात गेलेला. पाहुण्यांची गाडी गावात शिरल्याचा फोन आला आन् आत्या हात झटकत म्हणाल्या, "तुझी परात साफ केली बघ. लई दाटी केली होतीस. विरळणी केली, खुरटी तेवढी उपटून टाकली. आता उरलेली जोमानं येतील."

"कुठं टाकली?"

"उकिरड्यावर. बारक्याला जागा देऊन काय पिकतंय, बाई?"

"अवो आत्या, ती बारकीच तर पाहिजे होती! तुमाला कुणी सांगितलं हात लावायला?"

"वरडू नगंस. घरात खुरटी झाडं ठिवल्यावर पोरीचं कसं जमंल? लोक म्हणतात ते उगाच न्हाय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. भर उन्हात मुळं उघडी पडलेली. तेवढ्यात दारात गाडी थांबली. माय हात जोडून म्हणाली, "पाहुणे गेल्यावर बघ ना, माझे आई."

"तवर मरतील ती," म्या म्हणलं. सँडल काढून भिरकावले, नव्या साडीचा पदर खोचला आन् उकिरड्यात हात घातला. एकेक रोप हुडकून काढलं आन् परातीपाशी बसले.

मध्यस्थ, मुलगा आन् मुलाची आई अंगणात आले. म्या मातीच्याच हातांनी जय भीम केला. "बसा. चहा व्हतोय. एवढी रोपं लावते, मग येते."

मुलाच्या आईनं मला खालवर न्याहाळलं. "जरा उभी ऱ्हा गं."

ऱ्हायले. अनवाणी.

"पाच फूट म्हणले होते."

"चार फूट सात," म्या म्हणलं. "टेप आणू का?"

मध्यस्थाला ठसका लागला. मुलगा मोबाइलात घुसला. बाई माझ्यादेखतच मध्यस्थाला म्हणाली, "लईच बारकी हाय. राहू द्या."

म्या तोंड उघडायच्या आधी आत्याच कडाडल्या, "राहू द्या म्हंजे? पोरगी बघाय आलाव का विरळणी कराय?"

एवढं बोलल्या आन् परातीकडं बघत उभ्याच ऱ्हायल्या.

पाहुणे चहा न पिताच गेले. माय पायरीवर डोकं धरून बसली. आत्यांनी पाण्याचा तांब्या आणला, गुडघे दुखत असतानाबी माझ्याशेजारी बैठक मारली आन् सगळ्यात बारकं रोप उचललं. "ह्याला कुठं लावू?"

"मागं. तिथलंच हाय ते."

त्यांनी बोटानं खळगा केला, रोप ठेवलं, माती दाबली. "ह्ये तर पार सुकलंय गं. जगंल का?"

"न्हाय जगलं तर दुसरा चिंचोका लावीन. पण तेवढी जागा बारक्याचीच."

आत्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आन् पुढचं रोप घेतलं.

जरा वेळानं मायनं पायरीवरनंच विचारलं, "नवे सँडल कुठं टाकलेस गं?"

"उकिरड्यावर हायेत," आत्या म्हणाल्या. "राहू दे तिथंच."