एचआयव्हीच्या खोलीतला वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मिळतात त्या खोलीत, दाराजवळच माझा मुक्काम. कारखान्यातून निघालो तेव्हा पहिलवान तोलायची स्वप्नं होती. नशिबी आली झिजलेली माणसं. पण खरं सांगू? इथल्याइतका मान मला व्यायामशाळेत मिळाला नसता.

लोकांना वाटतं, हा आजार अमक्यातमक्यांचाच. माझ्यावर ड्रायव्हर उभे राहिले, तसे बँकेतले साहेब आणि गरोदर मास्तरीणबाईही. डॉक्टर शिकाऊ मंडळींना बजावतात, "रुग्णांची टक्केवारी छोटी दिसते म्हणून गाफील राहू नका. एवढ्या मोठ्या देशात टक्क्याच्या आतली माणसंसुद्धा लाखांत जातात." सुरुवातीला साधा ताप येतो न् जातो, मग कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. पुढे जिभेवर पांढरा थर, अंगावर नागीण, काही केल्या न हटणारा खोकला, जुलाब. आणि वजन उतरतं. नेमाने गोळ्या घेतल्या की तेच वजन परत चढताना बघणं, हा माझा आवडता उद्योग.

एक तरुण फिटर होता. चांगला भरला होता, तो पुन्हा उतरू लागला. एकदा मात्र माझी सुई भलतीच पुढे गेली. सिस्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड तर सुकलंय! बूट काढ बरं."

तो वाकला आणि खिशातला पाना खणकन माझ्यावर आदळला. मागोमाग नटबोल्ट.

"वजन वाढवायला लोखंड खातोस होय रे?"

त्याला हसू आलं नाही. "गोळ्या बंद केल्यात, सिस्टर. आई राहायला आलीय. तिला कळलं तर माझं ताट वेगळं मांडेल."

"आणि तूच गेलास तर कोणाला वाढेल?"

पुढच्या खेपेला तो आईला घेऊनच आला. मला धास्तीच वाटत होती. आई डोळे पुसत म्हणाली, "एका ताटात जेवलं तर चालतं ना?"

"खुशाल जेवा, मावशी. जेवल्याने, जवळ घेतल्याने हा आजार लागत नाही. फक्त त्याच्या गोळ्या चुकू देऊ नका."

फिटर माझ्यावर चढला, तसा तिने त्याचा हात घट्ट धरला. सुई डगमगली.

"मावशी, हात सोडा. वजन चुकतंय."

"चुकू दे," आई म्हणाली.

आता माझी काच ओरखड्यांनी भरलीय, तरी आकडा साफ दिसतो. शंका असेल तर घरी कुढत बसू नका, रक्त तपासून घ्या. आणि येताना आपलं माणूस सोबत आणा. दोघांचा भार मी आरामात पेलतो.