सगळे ठिपके डावीकडे

माझा नवरा आणि मी विद्यापीठाच्या विभागात एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतो. दोघांचंही काम एकाच जोडीवर, एकमेकींवर आदळलेल्या दोन दीर्घिकांवर. आदळल्यावर तिथला वायू दाबला जातो आणि नव्या ताऱ्यांचे पुंजके जन्माला येतात. ते पुंजके त्याचे. त्यातले मोठे तारे लवकर मरतात, आणि मागे उरलेलं कलेवर शेजारच्या ताऱ्याला गिळत क्ष-किरणांच्या चित्रात ठिपक्यासारखं झळकतं. ते ठिपके माझे. भांडणं फार व्हायला लागली म्हणून मीच नियम केला होता, की एकमेकांच्या चित्रात नाक खुपसायचं नाही.

माझा प्रबंध एकाच गोष्टीवर उभा होता. माझे ठिपके त्याच्या पुंजक्यांत नव्हते, शेजारी होते. म्हणजे तारा मरतानाच्या धक्क्याने ते घराबाहेर फेकले गेले! दुपारी हे सगळ्यांपुढे मांडायचं होतं आणि मी नुसती हवेत होते.

सकाळी नवरा चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे घुटमळायला लागला.

"काय आहे?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला चांगलं ठाऊक आहे. बोल."

"नियम आहे ना."

"मोडला. बोल आता!"

"तुझे सगळे ठिपके डावीकडेच कसे गं फेकले गेले?"

मी गर्रकन पडद्याकडे वळले. फेकलेल्या गोष्टी दाही दिशांना जातात. सगळ्या मिळून एकाच बाजूला सरकल्या, तर सरकलेलं असतं ते चित्र. माझं चित्र त्याच्या चित्रावर ठेवताना मी सर्वांत तेजस्वी ठिपका एका दीर्घिकेचं केंद्र समजून तिथे टाचला होता.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"सोमवारपासून."

"आणि गप्प बसलास? सगळ्यांपुढे तोंडघशी पडले असते मी!"

"म्हणून तर सकाळपासून नुसता चहा पितोय."

मला रडू येत होतं आणि त्याचा गळाही धरावासा वाटत होता. त्याने खुर्ची ओढली. "कोपऱ्यात ती लांबची दीर्घिका आहे ना, ती दोघांच्याही चित्रात दिसते. तिच्यावर जुळव."

मी चित्र सरकवलं. एकेक ठिपका मुकाट्याने आपापल्या पुंजक्यात जाऊन बसला. प्रबंध गेला, मी डोकं धरलं.

"अगं, डोकं काय धरतेस? हा बघ!"

एकच ठिपका बाहेर राहिला होता, केंद्राच्या उजवीकडे, सगळ्या पुंजक्यांपासून लांब. मी केंद्र समजून टाचलेला, सर्वांत तेजस्वी, तोच! खरोखर फेकला गेलेला तेवढा एकटाच होता, आणि त्यालाच मी घट्ट धरून बसले होते.

दुपारी मी आधी चूक सांगितली. हशा पिकला. मग तो ठिपका दाखवला, तशा माझ्या मार्गदर्शक बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"अगं, यावर तर अख्खा प्रबंध होईल! चूक कोणी काढली?"

"ह्यांनी," मी नवऱ्याकडे बोट केलं. "काढली सोमवारी, सांगितली आज."

निघताना जिन्यात मी जाहीर केलं, "नियम रद्द. कायमचा."

"नक्की?"

"नक्की."

"मग ऐक. तुझ्या चित्रातला तो जांभळा रंग भयंकर दिसतो."

जिन्यातच आमचं जुंपलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.