कमळच्या मोरीतले वाणी

मुरुडच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या तेव्हाच कमळने नवऱ्याला, दत्तात्रेयाला, बजावलं होतं, "नारळाच्या सोडणांचा ढीग मोरीच्या भिंतीला लावू नका. ओल धरते, आन् वाणी घरात शिरतात." पण दत्तात्रेयाचा त्या ढिगावर भारी जीव. पोफळींना खत होतं म्हणे! ढीग तिथेच कुजत राहिला.

मग व्हायचं तेच झालं. पावसाळ्यातली एकमेव पाहुणी, ठाण्याची अमिषा, मोरीतून किंचाळतच बाहेर आली. भिंतीवर पाच-सहा तांबूस वाणी, असंख्य पायांचे ते गोल लांबट किडे, खुशाल फिरत होते. अमिषाच्या मोबाइलने निदान केलं: घोण, विषारी.

कमळ केरसुणी घेऊन धावत आली. खोल्यांसाठी अख्खं घर रंगवलेलं, आणि ही बया आता फोनवर काहीबाही लिहिणार. दिवाळीपर्यंत कुत्रं फिरकायचं नाही!

"घोण चपटी असते ताई, सुसाट पळते, चावते पन. ह्ये वाणी. बघा." तिने एकाला केरसुणीच्या काडीने डिवचलं. त्याने झटकन वेटोळं केलं. "बिचारं पडून ऱ्हातं. हात मातर लावू नका, घान वास सुटतो." एवढ्यावर थांबेल तर ती कमळ कसली! "आन् खरं सांगू? माती शुद्ध असंल तिथंच ह्ये येतात. फवारनीच्या घरात पाय ठेवत न्हायत."

"म्हणजे ऑरगॅनिक?" अमिषाचे डोळे चमकले.

"व्हय तर! शंभर टक्के!"

अमिषा निघून गेल्यावर कमळने दत्तात्रेयाला असं फैलावर घेतलं की त्याने मुकाट सगळा ढीग बागेच्या टोकाला नेऊन टाकला. दाराखालच्या फटीला पट्टी ठोकली. उरलेले वाणी कमळने सुपलीत भरून बाहेर फेकले आणि मोरी कोरडी ठणठणीत केली.

इकडे अमिषाने फोनवर लिहिलं, 'शंभर टक्के ऑरगॅनिक, फवारणी नाही! इथे निसर्ग स्वतः भेटायला येतो.' सोबत वेटोळ्याचा फोटो. झालं! बुकिंगला फोनवर फोन. शनिवारी पुण्याची चार माणसं उतरली, बॅगा टाकून थेट मोरीत घुसली आणि तोंड पाडून बाहेर आली.

"मावशी, वाणी कुठायत? तुम्ही फवारणी करता की काय?"

"न्हाय हो, देवाशप्पथ!"

"मग फोटोत दिसतात ते? आम्ही पण लिहू हं, जे दिसलं ते."

आयुष्यभर अंगणात काडी पडू न देणाऱ्या कमळला आपल्या स्वच्छ घराची पहिल्यांदाच लाज वाटली. "ते जरा लाजरे हायत," ती कसंबसं म्हणाली. "तुमी जेवून घ्या, भाकऱ्या गरम हायत. तवर येतील."

पाहुण्यांना वाढून ती सुपली घेऊन बागेच्या टोकाला धावली आणि ढिगापाशी उकिडवी बसून काडीने एकेक वाणी सुपलीत ओढू लागली. मागून दत्तात्रेय आला.

"अगो, ह्ये काय? आन् मी पाठ मोडून हलवला तो ढीग?"

"उद्या परत भिंतीला लावा," वर न बघता कमळ म्हणाली. "आन् दाराखालची पट्टी आत्ताच्या आत्ता काढा."